बक्षीस समारंभ यादीवर चालतो: खासगी शाळांसाठी जून ते जानेवारीची कामं

खासगी शाळेच्या बक्षीस समारंभात जे काही बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा यादीत सापडतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गावर्गातून सूचनावही फिरते, ‘यशस्वी विद्यार्थ्यांची नावे उद्यापर्यंत द्यावीत’, आणि ऑगस्टमध्ये जिल्ह्याला धावून आलेली सहावीतली मुलगी कुणाच्या लक्षातच राहिलेली नसते. तिच्या घरचे मात्र ते विसरलेले नसतात. म्हणून इथे यादीवर जास्त शब्द खर्च केले आहेत. मंडप आणि सत्कार यांची काळजी घ्यायला माणसं आपोआप पुढे येतात.

नोंदवही जूनमध्येच उघडा

दोनशे पानी फुलस्केप वही पुरते. ती ऑफिसात, क्लार्कच्या टेबलावर राहील; क्रीडाशिक्षकाच्या कपाटात नाही. खासगी शाळांत वर्षाच्या मधेच शिक्षक नोकरी सोडून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मोबाइलमधली सगळी माहितीही जाते. एक्सेलची फाइल ठेवा, पण ती वहीवरून भरा.

रकाने असे आखा: तारीख, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक, स्पर्धा किंवा परीक्षा, आयोजक, पातळी (शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य), क्रमांक, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली का, आणि नोंद करणाऱ्याची सही. निकाल लागल्यापासून आठ दिवसांत नोंद. झेरॉक्स नसेल तर नोंद पेन्सिलने, झेरॉक्स आली की पेनाने. हा एकच नियम कडक पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात.

नाव जनरल रजिस्टरमध्ये आहे तसंच, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिहायचं. घरी ‘पिंटू’ आणि हजेरीवर आडनाव पुढेमागे झालेलं असेल, तर हीच गफलत पुढे प्रमाणपत्रावर उतरते. दहावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीचं मंडळ संभाजीनगरला. लातूर, नांदेड आणि धाराशिवचं लातूरला. तिथे नावातला एका अक्षराचा फरकही कागद परत पाठवायला पुरेसा असतो.

काय मोजायचं, काय नाही

सगळी पदकं एका पारड्यात टाकू नका. पैसे भरून बसायच्या खासगी ‘ऑलिम्पियाड’ परीक्षांत सुवर्णपदकं ढिगाने मिळतात. ती वर्गात द्यावीत, टाळ्या वाजवाव्यात, पण मंचावरून नाव पुकारू नये. मंचासाठी निकष सोपा ठेवा: शाळेबाहेरच्या मुलांशी स्पर्धा झाली का, आणि निकाल शाळेबाहेरच्या माणसानं लावला का?

या निकषात बसणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. यातल्या इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात, हे पालकांना सातवी-आठवीतच सांगायला हवं. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय क्रीडा स्पर्धा. तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शनं. विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर १०,००० रुपये थेट त्याच्या बँक खात्यात येतात, खासगी शाळांनाही नावं पाठवता येतात, पण मुलाचं खातं आधीच उघडलेलं हवं.

एक सावधगिरी. आठवीची एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची) शिष्यवृत्ती, वर्षाला १२,००० रुपयांची, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला ती मिळत नाही. तरी काही ठिकाणी उत्साहाने तासिका सुरू होतात आणि फॉर्म भरताना सगळं कळतं. तयारीला बसवण्याआधी पात्रता वाचा.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद केलेलं बरं. तापात शाळेत आलेलं मूल वर्गाला ताप देऊन जातं, आणि ज्याला टायफॉइड झाला त्याचा काय दोष?

तारीख धरताना

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या बऱ्याच भागात मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खं गाव शेतात असतं. त्या दिवशी समारंभ ठेवला तर खुर्च्यांना भाषण ऐकवावं लागेल. त्याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची यात्राही भरते. दहावीची पूर्वपरीक्षा, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा आणि दाट लग्नतिथी कॅलेंडरवर आधी खोडून टाका, मग उरलेल्यातून निवडा.

बीडकडच्या आणि आसपासच्या शाळांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेले आईवडील मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून आलेली अशी मुलं आजी-आजोबांकडे राहतात, आणि जानेवारीत बक्षीस घेताना समोर त्यांचं कुणी नसतं. मागच्या वार्षिक परीक्षेची बक्षिसं १५ ऑगस्टला किंवा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर देऊन टाका. त्या दिवशी गावात माणसं असतात, मंडपाचा खर्च नाही, आणि जानेवारीची यादीही निम्म्यावर येते.

वेळ सकाळी १० ते १२.३०. नाचगाण्यांचा कार्यक्रम संध्याकाळी लागत असेल तर लागू द्या, पण बक्षिसं त्यात घुसडू नका. संध्याकाळी थंडी असते, लहान मुलं पेंगतात, खेड्यावरच्या पालकांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं, आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद करावा लागतो. पहिल्या तीन नाचांनंतर ‘आता बक्षीस वितरण’ म्हटलं की अर्धा मंडप उठतो.

हरकतींची यादी

समारंभाच्या पंधरा दिवस आधी वहीवरून कच्ची यादी काढा आणि नोटीस बोर्डावर लावा. शीर्षक मोठ्या अक्षरात: ‘कच्ची यादी – हरकतींसाठी’. मतदारयादीसारखंच. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, पण हरकत लेखी आणि झेरॉक्ससह ऑफिसातच घ्या. ग्रुपवर घेतली की चर्चा भलतीकडे जाते. मुदत पाच दिवस.

तपासायला पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती बसवा. शुल्क विनियमन कायद्यानुसार (२०११) शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ स्थापन करायचा असतो, आणि समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक असतो. म्हणजे तपासणारी जोडी आयतीच मिळते. प्रत्येक जोडीनं आपल्या इयत्तेच्या पानावर सही करायची. समिती फक्त फी ठरवायला आहे असं समजणाऱ्या शाळा एक चांगली सोय वाया घालवतात.

दोघांना समान गुण असतील तर दोघांनाही तेच बक्षीस. जन्मतारखेवरून क्रमांक लावू नका. कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीवरचं बक्षीस असेल तर अटी लेखी असू द्या: कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयाला, समान गुण आले तर काय, व्याज कमी पडलं तर काय. दहा हजारांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला सातशे रुपये येतात. त्यात एक चांगला शब्दकोश येतो; देणगीदाराच्या मनातली चांदीची वाटी येणार नाही. हे आधीच बोललेलं बरं.

प्रमाणपत्रं आणि पदकं

पक्की यादी झाल्याशिवाय छापायला देऊ नका. ए-फोर आकार, २५० ते ३०० जीएसएमचा जाड कागद. तालुक्याच्या गावातले बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टवर काम करतात. युनिकोडमधली यादी तिकडे चिकटवली की जोडाक्षरं फुटतात; ‘बऱ्हाटे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांचे तर हाल होतात. उपाय एकच: शाळेतच मेल मर्ज करून (यादीतली नावं संगणकानेच प्रमाणपत्रांत भरून) पीडीएफ करा आणि पेनड्राइव्हवर तीच द्या. आधी पाच प्रती काढून वाचा. वाचणारा टाइप करणारा नसावा.

पदकं मोजताना सांघिक खेळात चूक होते. कबड्डीत मैदानावर सात असतात, पण संघ बाराचा असतो. बारा मागवा. एकूण संख्येवर दहा टक्के जादा घ्या, तारीख न कोरलेली, म्हणजे उरलेली पुढच्या वर्षी चालतात. काचेच्या ट्रॉफ्या मुलं घरी नेईपर्यंत फुटतात. पुस्तक, कंपास किंवा चांगली बॅट द्या.

चाळीस मिनिटांत १६० बक्षिसं

नाव पुकारल्यावर मूल मागच्या रांगेतून उठून आलं तर एका बक्षिसाला चाळीस सेकंद जातात. १६० बक्षिसांना पावणेदोन तासांहून जास्त. तेच मूल पायरीशी आधीच उभं असेल तर पंधरा सेकंद पुरतात, म्हणजे चाळीस मिनिटं. सगळी करामत इथेच आहे.

विजेत्यांना क्रमानेच पुढच्या खुर्च्यांवर बसवा, खुर्चीच्या पाठीला अनुक्रमांक चिकटवा. दहा-दहाचा गट पायरीशी. डावीकडून चढायचं, उजवीकडून उतरायचं. टेबलावर बक्षिसं त्याच क्रमाने, प्रत्येकावर तोच अनुक्रमांक. गैरहजर मुलाचं बक्षीस आडवं करून ठेवा, काढून टाकू नका. काढलं की पुढचे सगळे एकाने सरकतात आणि धावण्याचं पदक चित्रकलेच्या मुलाला जातं. चौघे लागतात: एक रांग लावणारा, एक टेबलावर, एक पाहुण्यांच्या हातात देणारा, एक निवेदक. निवेदकाकडे तीच क्रमवार यादी, आणि शेरोशायरीला बंदी. फोटो पाहुण्याबरोबर एकच. पालकांना मोबाइलवर काढायचा असेल तर उतरायच्या बाजूला फलकासमोर जागा आखून द्या. मुलांची नावं, गुण आणि फोटो फ्लेक्सवर किंवा फेसबुकवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

हा मंच दोन फूट उंच पुरे. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो, म्हणजे दोन फुटांना चोवीस फुटांचा. तेवढी जागा नसेल तर पाहुण्यांनी खाली येऊन बक्षीस द्यावं, सगळ्यांनाच. एकट्या मुलासाठी खाली उतरले की ते त्याला टोचतं. मंच मैदानाच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेला ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर राहतं. वीज जाणारच असं धरून ॲम्प्लिफायरला बॅटरीची जोड आदल्या दिवशी लावून, अर्धा तास चालवून बघा.

पाहुणे

मंचावर तीन जण, जास्तीत जास्त चार. प्रत्येकाचा वेगळा सत्कार, शाल, श्रीफळ, फेटा आणि परिचय मिळून सहा-सात मिनिटं सहज खातो. आठ पाहुण्यांचा सत्कार संपेपर्यंत पहिलीची मुलं पाणी प्यायला निघून जातात. एकदाच स्वागत, हातात एक पुस्तक किंवा संभाजीनगरचा हिमरूचा रुमाल. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी स्वतःच्याच शाळेत सत्कार घेऊ नये, हे त्यांना सांगायचं काम मुख्याध्यापकांचं आहे आणि ते अवघड आहे.

मुलांना ज्याचं काम समजेल असा पाहुणा शोधा: परभणीच्या कृषी विद्यापीठातले संशोधक, तालुक्यातला खेळाडू, शाळेची माजी विद्यार्थिनी. भाषण दहा मिनिटांचं, आणि बक्षिसांच्या आधी. नंतर ठेवलं तर ऐकायला कुणी उरत नाही.

नाश्ता

शंभर मुलांना सुशीला करायची तर पाच-सहा किलो मुरमुरे, दोन किलो कांदे, अर्धा किलो शेंगदाणे आणि तेवढंच डाळ्याचं पीठ. फोडणी आधी करून ठेवा. मुरमुरे मात्र वाढायच्या पंधरा मिनिटं आधी, थोडे थोडे भिजवून लगेच पिळा. तासभर आधी भिजवले तर लगदा होतो. पाणी माणशी अर्धा लिटर धरा. चारशे माणसांना वीस लिटरचे दहा जार, वर दोन-तीन जादा. यासाठी मुलांकडून वर्गणी काढू नका, आरटीईच्या मुलांकडून तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी

आडवी ठेवलेली बक्षिसं आठ दिवसांत वर्गात, सगळ्यांसमोर द्या. ऊसतोडीला गेलेल्या पालकांना वर्गशिक्षकाने व्हिडिओ पाठवावा. प्रमाणपत्रातल्या चुका ऑफिसात लिहून घेऊन एकदम दुरुस्त छापा. अंतिम यादीची सही-शिक्क्याची प्रत वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा, कारण दहावीच्या वर्षी कुणीतरी सातवीतलं प्रमाणपत्र हरवलं म्हणून येतंच.