छऱ्याच्या बंदुकीचा सांधा हलतो? आधी या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं-पोरी एअर रायफलचा सराव करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं, तेव्हापासून येणारे वाढले. सगळ्यांकडे स्प्रिंगवाली, नळी मोडून (म्हणजे सांध्यातून खाली वाकवून) भरायची साधी रायफल. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी तेच वाक्य घेऊन येतं: "सर, नळी हालून राहिली."

हलते, हे खरं. पण माझ्याकडे येईपर्यंत तिच्यावर काय काय प्रयोग झालेले असतात ते पाहून जीव तुटतो. दोष अर्ध्या तासाचा असतो, आणि उतावीळपणानं बंदूक कायमची जाते.

आधी सांध्याची रचना समजून घ्या. हवेच्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला दोन बोटांचा चिमटा असतो. नळीचा मागचा जाड ठोकळा त्या चिमट्यात बसतो, आणि दोन्हींतून आडवा बोल्ट जातो. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पातळ वायसर असतात. नळी बंद केली की खालचा खटका तिला जागेवर धरतो. बस, एवढंच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोणते दोन भाग हलतात हे न बघता दुरुस्तीला बसणं. याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही.

दिग्रसकडच्या एका खेड्यातला पोरगा. हात स्थिर, डोकं शांत, दहा मीटरवरून त्याचे पाच छरे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. एप्रिलमध्ये त्यानं दुर्बीण बसवली आणि मे महिन्यात छरे तळहाताएवढ्या जागेत विखरू लागले. त्यानं नळीचं टोक डावी-उजवीकडे दाबून पाहिलं, हलल्यासारखं वाटलं. मामाचं वेल्डिंगचं दुकान. तिथं त्यांनी तो चिमटा बाकाच्या शिकंज्यात धरला आणि आवळला. "घट्ट झाली नं सर, आता हालत नाही," हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता.

रविवारी बंदूक हातात घेतली. चिमट्याचं डावं बोट आत वाकलेलं. ठोकळा एका अंगानं घासत होता, लोखंडावर नखाएवढा चकचकीत पट्टा पडला होता. नळी बंद केली तरी खटका पूर्ण बसत नव्हता. भिंग लावून पाहिलं, तर वाकलेल्या बोटाच्या मुळाशी केसाएवढी चीर. त्या बंदुकीतून मी पुन्हा एकही छरा मारू दिला नाही.

मग मी दस्त्याकडे, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाकडे पाहिलं. पुढचे दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटानं फिरत होते! दस्ता गावच्या सुतारानं सागवानाचा करून दिलेला, तोही ऐन पावसाळ्यात, ओलसर लाकडाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लाकूड आकसलं, स्क्रूच्या टोपीखाली फट पडली आणि अख्खी यंत्रणा दस्त्यात डोलू लागली. सांधा मुळात चांगलाच होता. दोन स्क्रूंच्या चार आट्यांचं काम होतं. पोरगा खाली मान घालून बसला, आणि मला त्याला रागावता आलं नाही. त्या वर्षीची जिल्ह्याची स्पर्धा तो उसन्या बंदुकीवर खेळला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. नळी थोडीशीच मोडून आत छरा नाही हे डोळ्यांनी बघायचं. मग बंदूक न ताणता (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून न अडकवता), बंद स्थितीत, एका हातानं दस्ता आणि दुसऱ्यानं सिलिंडर धरून पिळायचं. इथं हललं तर दोष स्क्रूंचा. नाही हललं, तरच सिलिंडर धरून नळीचं टोक दोन्ही बाजूंना आणि वर-खाली दाबायचं. दस्त्याचे स्क्रू मी थोडे थोडे आळीपाळीनं आवळतो, मनगटाच्या जोरापुरतेच. लांब दांड्याचा पेचकस लावून पिळलेलं लाकूड पावसाळ्यात फुगलं की तडकतं. आवळून झालं की टोपीवर आणि शेजारच्या लाकडावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. पोरी यासाठी घरून बाटल्या आणतात, लाल रंग लांबून छान दिसतो.

दुसरी गोष्ट मागच्या माशीची, म्हणजे डोळ्याजवळच्या साइटची. ती कुठे बसवली आहे ते पाहा. पुढची आणि मागची, दोन्ही माशा नळीवर किंवा नळीच्या ठोकळ्यावर असतील, तर सांधा थोडा हलला तरी नेम आणि नळी सोबतच हलतात, छरा फारसा चुकत नाही. पण दुर्बीण किंवा मागची माशी सिलिंडरवर असेल, तर सांध्याची हालचाल थेट कागदावर उतरते. नळी ४५० मिमीची धरा. टोक अर्धा मिमी सरकलं, तर दहा मीटरवर छरा साधारण ११ मिमी सरकतो. स्पर्धेच्या कागदावर दोन वर्तुळांमधलं अंतर अडीच मिमी, म्हणजे चार घरं गेली. म्हणूनच "दुर्बीण लावली नि बंदूक बिघडली" असं वाटतं. दोष आधीपासून असतो, फक्त दिसत नसतो.

सांधाच हलत असेल, तर फेविक्विक, एम-सील, टेफ्लॉन टेप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा यातलं काहीही तिथं घालू नका. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून वरून ठोसणारेही पुष्कळ. शंभर छऱ्यांत तो गोळा होऊन ठोकळ्यावर चर पाडतो.

बाजूला हलत असेल तर आधी आडव्या बोल्टचा लॉक स्क्रू सैल करून बोल्ट पाव आटा आवळून पाहा. बहुतेकदा तेवढ्यानंच भागतं. भागलं नाही, तर दस्ता काढून, बंदूक ताणलेली नाही याची खात्री करून बोल्ट काढा आणि वायसर तपासा. झिजले असतील तर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फट मोजा आणि तेवढ्या मापाचा पितळी शिमचा, म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा दोन्ही अंगांना सारखा वाटून घाला. फट ०.२ मिमी असेल तर इकडे ०.१, तिकडे ०.१. सगळा एकाच अंगाला घातला की नळी तिरकी बसते. मॉली ग्रीसचा पुसट हात द्या. जाड थर दिला तर गोदामातली रुई येऊन चिकटते आणि आठवड्यात वायसरभोवती काळी वात तयार होते. मी दर महिन्याला छोट्या चिमटीनं ती ओढून काढतो.

वर-खाली हलत असेल तर शिमचा काही उपयोग नाही. खटका झिजलाय किंवा बोल्टचं भोक लांबट झालंय. भोक लांबट झालं असेल तर ते लेथवाल्याचं काम, जाड बोल्ट करून घ्यावा लागतो. घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका, घासलेलं लोखंड परत येत नाही.

जोर कमी झाला म्हणून सांध्याला दोष देणारे नळीमागची रबरी रिंग बघतच नाहीत. सांध्यावर रुईचा चिमूटभर पुंजका ठेवा, बंदूक बाकावर टेकवून, छरा भरून, छरे अडवणाऱ्या पेटीत मारा. पुंजका उडाला तर हवा तिथून सुटते. रिंग बदला.

सिनेमातल्यासारखी एका हातानं झटका देऊन नळी बंद करू नका. माझ्या गोदामात असं करणाऱ्याला त्या दिवशी छरे मिळत नाहीत.

छरा न भरता घोडा दाबू नका, पिस्टन कोरडा आदळतो. नळी उघडी असताना घोड्याला हात लावू नका, आणि छरा भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवा, बोटं तुटतात. सिलिंडरच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडू नका, ते आत पेटतं. सिलिंडरचं मागचं बूच घरी उघडू नका, दाबलेली स्प्रिंग तोंडावर येते. सांधा दुरुस्त करायला ते उघडावं लागतच नाही.

वानरं-डुकरं हाकलायला म्हणून बंदूक नीट करून मागणारे येतात. त्यांना मी वन्यजीव कायद्याचं सांगून वन विभागाकडे पाठवतो. आणि भरमार (ठासणीची बंदूक) किंवा बारा बोअर कोणी घेऊन आलं, तर मी ती हातातही घेत नाही. खऱ्या बंदुकीच्या दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याच्याकडेच न्या.