राणीच्या बागेत रविवारी जाताय? या चुका टाळा

दुपारी बाराला भायखळ्याला उतरायचं, आधी तिकिटाच्या आणि मग पेंग्विनच्या रांगेत उभं राहायचं, वाघापर्यंत पोचेस्तोवर पोरं रडकुंडीला आलेली. राणीच्या बागेतून अशी वैतागून परतणारी कुटुंबं मी दर सुट्टीला बघते आणि जीव हळहळतो. कारण चुकतं ते फक्त वेळेत आणि क्रमात.

बाग सकाळी साडेनऊला उघडते. "जेवूनच निघू" म्हणणारे भर उन्हात पोचतात, तेव्हा वाघ-अस्वलं सावलीत आडवी झालेली असतात. "वाघ दिसलाच नाही" ही तक्रार बहुतेक दुपारच्या मंडळींचीच असते. त्यात रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक. त्याचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत भायखळा गाठा. गाडी शक्यतो घरीच राहू द्या. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आईवडील आणि दोन मुलं असाल तर चौघांचं एकत्र तिकीट मागा. सुटी तिकिटं काढून उगाच जास्त पैसे जातात.

आत शिरल्यावर आधी पेंग्विन. २०१६ पासून बागेत असलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी तो कक्ष गार ठेवलेला असतो, आणि बाहेर ऊन तापलं की सगळी गर्दी त्या गारव्याकडे वळते. "ते शेवटी बघू" म्हणालात की तास-दीड तास रांगेत गेलाच.

काचेवर टकटक मात्र करू नका. माझी सहा वर्षांची भाची काचेला नाक लावून उभी होती. एक पेंग्विन पाण्यातून सरळ तिच्यासमोर आला, तिच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं होतं ते तिने हाताने पुसलं, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी काच वाजवली. तो गर्रकन वळून गेला. पुन्हा आला नाही. फोनचा फ्लॅशही बंदच ठेवा.

गर्दीत मूल हरवलं तर? घरून निघतानाच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, दंडावर पेनाने फोन नंबर लिहा आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ती एक जागा त्याला प्रत्यक्ष दाखवून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मला वाटते ती झाडांकडे पाठ फिरवून निघून जाण्याची. ही बाग १८६०च्या दशकातली, मुळात वनस्पतींची. गोरखचिंचेच्या बुंध्याला सगळ्या कुटुंबाने मिळून कवेत घेऊन बघा, हात पुरतात का ते मुलांना मोजू द्या. हिवाळा सरताना गेलात तर उर्वशीच्या झाडावरचे फुलांचे लालभडक घोस शोधा. काळा घोडा परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो एडवर्ड सातव्याचा अश्वारूढ पुतळाही इथेच आहे. पेंग्विनची रांग वाढते तेव्हा या झाडांखाली सावलीही असते आणि शांतताही. डबा पिशवीतच राहू दे. प्राण्यांना त्यातला घासही देऊ नका.

आणि जोडून सुट्ट्या आल्या असतील तर एवढं बघा: बाग बुधवारी बंद असते. बुधवारीच सार्वजनिक सुट्टी आली तर बहुधा त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात.