लाल दिवा म्हणजे 'बंद' नव्हे

रिमोटचं बटण दाबलं, गाणं थांबलं, साउंडबारवर बारीक लाल दिवा उरला. ही अवस्था स्टँडबाय. यंत्राचा काही भाग रिमोटची, ब्लूटूथची किंवा वायफायची वाट बघत जागाच असतो. वीज पूर्ण तुटते ती मागच्या बाजूला खटक्याचा पॉवर स्विच असेल तर त्याने, नाहीतर भिंतीवरच्या बटणाने.

साध्या स्टँडबायला आधुनिक यंत्र अर्धा वॅट किंवा त्याहून कमी घेतं. वर्षाला जेमतेम 4 युनिट. तेवढ्यासाठी जिवाला घोर नको. पण 'क्विक स्टार्ट' (यंत्र झटकन सुरू होण्याची सोय) किंवा नेटवर्क स्टँडबाय (वायफायशी सतत जोडलेलं राहणं) चालू असेल तर खर्च वाढतो. एखादा जुना ॲम्प्लिफायर 10 वॅट खात असेल, तर वर्षाचे जवळपास 88 युनिट होतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवून बघा: रात्रभर 'बंद' असूनही कोमट लागला, तर तो भिंतीवरूनच बंद करावा.

सोलापुरात मला विजेच्या बिलापेक्षा वळवाची काळजी जास्त वाटते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी आभाळ गडगडतं, लाइट जाते-येते. स्टँडबायमधलं यंत्र तेव्हाही विजेला जोडलेलंच असतं, झटका त्यालाही बसतो. म्हणून ढग दिसले की प्लगच काढा, आणि केबल किंवा अँटेनाची वायर जोडलेली असेल तर तीही. मात्र आधी रिमोटने स्टँडबायला न्या, आतल्या रिलेचा (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचा) 'टक्' आवाज येणार असेल तर येऊ द्या, मग भिंतीवरचं बटण, मग प्लग. सबवूफरची (खर्जाच्या आवाजाच्या वेगळ्या स्पीकरची) वायर वेगळी असते, ती हमखास विसरते.