रस्त्यावरचा खेळ मांडण्यापूर्वीची तयारी

एरवी संकेतस्थळे, संग्रहालयांतले टचस्क्रीन आणि प्रदर्शनांतले परस्परसंवादी कोपरे करणाऱ्या, आणि आता एखाद्या क्लायंटसाठी पुण्याच्या पेठांत मोबाइल हातात धरून पायी खेळायचा खेळ मांडायला निघालेल्या पाच-सहा माणसांच्या डिजिटल एजन्सीसाठी ही यादी आहे. करार, आगाऊ रक्कम, सर्व्हर, बॅकअप या गोष्टी सांगाव्या लागत असतील तर रस्त्यावर उतरण्याची घाई करू नये, एवढे म्हणून त्या सोडून देतो. सर्वांत आधी लिहायची गोष्ट ही की खेळ ज्या वारी आणि ज्या तासाला होणार आहे, त्याच वारी आणि त्याच तासाला संपूर्ण मार्गावर रंगीत तालीम करावी. गेल्या वेळी नेमके हेच राहून गेले. रविवारी सकाळी रिकाम्या गल्ल्यांत उत्तम चाललेला खेळ शनिवारी संध्याकाळी चालला नाही. त्यामुळे ही सूचना पुढे पुन्हा पुन्हा येईल आणि वाचणाऱ्याने ती दर वेळी वाचावी.

मार्ग आखताना नकाशा शेवटी उघडावा, आधी चालावे. शनिवारवाड्यासमोरून निघून लाल महाल, कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग आणि विश्रामबागवाडा अशी फेरी नकाशावर फार सोपी दिसते, पण रस्ते ओलांडायला लागणारा वेळ नकाशा सांगत नाही. शनिवारवाड्याच्या आतला भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्याने तेथे तिकीट, वेळ आणि परवानगी हे तिन्ही प्रश्न येतात. एखादे कोडे दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांवर बेतायचे असेल तर ते बाहेर उभे राहून सुटले पाहिजे. बाजीराव रस्ता धावत ओलांडावा लागेल असा एकही टप्पा ठेवू नये आणि वेळेवर गुण मुळीच देऊ नयेत, कारण घड्याळ लावले की माणसे गाड्यांकडे पाहत नाहीत. क्लायंटला चुरस हवी असते. त्याला ती कोड्यांच्या अवघडपणातून द्यावी.

कोडी कशावर बेतायची याचा विचार बहुतेक जण दालनात बसून करतात, आणि दालनात भिंत हलत नाही. रस्त्यावर सगळे हलते. बंद दुकानाच्या शटरवर रंगवलेले स्थापनेचे साल सकाळी सात वाजता ठळक दिसते. संध्याकाळी सहाला ते शटर गुंडाळून वर गेलेले असते आणि ते साल जगात कोठेही उरलेले नसते. वाड्याच्या भिंतीवरच्या स्मृतिफलकासमोर सकाळी कुत्रेही नसते. संध्याकाळी त्याच फलकाच्या खाली तीन दुचाक्या तिरक्या लावलेल्या, वर हँगरला टांगलेले कुर्ते, आणि त्या कुर्त्यांच्या बाह्यांमधून फलकाच्या शेवटच्या दोन ओळी तेवढ्या डोकावतात. खेळाडू बाही बाजूला सारून वाचू लागला की दुकानदार विचारतो, ‘कोणता साइज दाखवू?’ म्हणून उत्तर नजरेच्या पातळीच्या बरेच वर असावे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूचे सुरूदार लाकडी खांब, कमानीवरचे कोरीव काम, शिखरे, जुन्या इमारतींच्या माथ्यावरचे आकडे हे पथारीवाल्यांच्या छत्र्यांच्याही वर राहते. तरीही त्याच वारी, त्याच तासाला जाऊन एकेक कोडे स्वतः वाचून पाहावे. छायाचित्र पाहून ‘दिसते’ असे कोणी म्हणाले तर ते छायाचित्र किती वाजता काढले ते विचारावे.

उजेडाचेही तेच. पुण्यात जूनच्या अखेरीस सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, त्यामुळे उन्हाळ्यात ठरवलेले वेळापत्रक हिवाळ्यात तसेच उचलले तर शेवटचे टप्पे अंधारात जातात. पंचांग आणि वर्तमानपत्र दोन्ही पाहावीत. गणेशोत्सवाच्या कितीतरी दिवस आधी मांडवांचे बांबू उभे राहतात आणि आखलेली गल्ली निम्मी होते. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या भवानी पेठ आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात त्या दिवसांत मध्यवर्ती भागात खेळ नकोच.

आता फोन. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचे जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असते. पेठेतल्या अरुंद गल्लीत, जेथे वाड्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या आहेत, तेथे उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. ब्रिटनमधील ब्लास्ट थिअरी या कलावंतांच्या गटाने २००१ मध्ये शेफील्डच्या रस्त्यांवर ‘कॅन यू सी मी नाऊ?’ हा पाठलागाचा खेळ केला, तेव्हा रस्त्यावर धावणारे त्यांचे कलाकार जीपीएस कोठे भरकटते हे शिकून घेऊन डावपेचांत त्याचा उपयोग करू लागले होते. आपल्या खेळाडूंकडे तेवढा सराव नसतो, तेव्हा टप्प्याचे वर्तुळ, म्हणजे ज्यात शिरले की खेळाडू पोहोचला असे ॲप मानते ते, दहा मीटरचे न ठेवता तीस-चाळीस मीटरचे ठेवावे आणि प्रत्येक टप्प्यावर ‘मी पोहोचलो, पण ॲप ओळखत नाही’ असे बटण द्यावे, ज्यात समोरच्या पाटीवरचा एक शब्द टाकला की पुढे जाता येईल. या बटणाला डिझायनर विरोध करील. त्याचे ऐकू नये.

ॲप डाउनलोड करायला लावण्यापेक्षा ब्राउझरमध्ये चालणारा खेळ बरा, पण ब्राउझर लोकेशन फक्त सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पानालाच देतो, आणि आयफोनवर होकायंत्र व हालचालीचे सेन्सर वापरायचे तर खेळाडूने बटण दाबून परवानगी द्यावी लागते. स्क्रीन बंद झाला की पानाला लोकेशन मिळणे थांबते, हे गृहीत धरूनच खेळ रचावा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा वापरला तर श्रेयाची ओळ पडद्यावर हवी. ती कापून टाकण्याची सूचना क्लायंटकडून येतेच. चाचणीसाठी कार्यालयातले महाग फोन बाजूला ठेवून तीन-चार वर्षे जुने, साधे अँड्रॉइड फोन घ्यावेत. आणि येथेही वेळ पाहावी: ज्यांचे प्रीपेड पॅक दिवसाला दीड जीबीचे असते त्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत रील्समध्ये संपलेला असतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात तुळशीबागेच्या गर्दीने टॉवर आधीच तुंबलेला, आणि तुमचा बारा एमबीचा सुंदर व्हिडिओ गोल फिरत राहतो. सकाळच्या चाचणीत यांतले काहीही कळत नाही. व्हिडिओ काढून टाकावा, चित्रे लहान करावीत, सगळी कोडी पहिल्या पानाबरोबरच फोनमध्ये उतरवून घ्यावीत. त्याच वारी. त्याच तासाला.

ओटीपीने नोंदणी करायची असेल तर एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात दिवस जातात. शक्य असेल तर ओटीपीच नको. नाव, मोबाइल क्रमांक आणि फिरण्याची नोंद गोळा करण्याचा मोह आवरावा, कारण ते नंतर सांभाळावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, बालकांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई आहे आणि या तरतुदी मोडल्यास दंडाची मर्यादा दोनशे कोटी रुपयांपर्यंत आहे. रस्त्यावरच्या खेळाला शाळकरी मुले येणारच, तेव्हा संघाचे एक टोपणनाव आणि बरोबरच्या मोठ्या माणसाचा फोन एवढ्यावर काम भागवावे.

परवानग्यांची फाइल एका माणसाकडे असावी. हा मार्ग फरासखाना आणि विश्रामबाग अशा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जातो, म्हणून दोन्हीकडे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी; महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचा आदेश त्या तारखेला लागू आहे का, हे तेथेच विचारावे. पत्रात ‘इंटरॅक्टिव्ह मीडिया’ लिहू नये. किती माणसे, किती वाजता, कोठून कोठे, ध्वनिक्षेपक नाही, रस्ता अडवणार नाही, जबाबदार व्यक्तीचा क्रमांक, एवढे साध्या मराठीत लिहावे.

क्यूआर कोड भिंतीवर चिकटवू नयेत. मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहे आणि दुसऱ्या दिवशी ते खरवडत बसण्याचे कामही आपलेच. दुकानदाराची परवानगी घेऊन काउंटरवर किंवा दाराशी उभा स्टँड ठेवावा, पण त्याच्या पैसे घेण्याच्या क्यूआरपासून दूर. दोन चौकोन शेजारी असले की निम्मे खेळाडू यूपीआयचा स्कॅन करतात आणि अमृततुल्याच्या मालकाला उगाच आशा लागते. कोड मोठा छापावा, पावसाळ्यात लॅमिनेट करावा, आणि चुकदुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडावी म्हणजे तीस टक्क्यांपर्यंत भाग फाटला, मळला तरी तो वाचता येतो. लॅमिनेशनवर दुकानाच्या ट्यूबलाइटची तिरीप पडून कोड वाचता येत नाही हे फक्त दिवे लागल्यावर दिसते. म्हणजे पुन्हा तेच.

मार्गावरच्या माणसांना सांगून ठेवावे. वाड्याच्या दाराशी चार अनोळखी तरुण फोन उंचावून उभे राहिले की आतल्या आजी घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे रास्त आहे. आदल्या संध्याकाळी जाऊन, खेळ काय आहे ते सांगून, कार्यकर्त्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी. मंडळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना विसरू नये. ते खूश असले तर ते तुमचे सर्वांत चांगले मार्गदर्शक ठरतात, नाराज असले तर खेळाडूंना शांतपणे उलट्या दिशेने पाठवतात. ही ओळखही खेळाच्याच तासाला करून घ्यावी, कारण सकाळचा कट्टा आणि संध्याकाळचा कट्टा यांवर एकच माणसे नसतात.

खेळाच्या दिवसासाठी थोडक्यात: प्रत्येक दोन टप्प्यांमागे एक स्वयंसेवक, एकाच रंगाचे टी-शर्ट, पॉवर बँका आदल्या रात्री चार्ज केलेल्या, प्रथमोपचाराची पेटी, पाणी, छापील कोड्यांचा एक गठ्ठा. सर्व्हर कोसळला तर कागदावर खेळ पुढे न्यायचा, त्यासाठी. सगळे संघ एकदम सोडू नयेत, पाच-सात मिनिटांच्या अंतराने सोडावेत आणि निम्म्यांना उलट्या क्रमाने फिरवावे. बक्षिसाच्या ठिकाणी सगळे एकाच वेळी येतात. तेथे जागा हवी. पत्रकारांना वेळ अर्धा तास आधीची सांगावी.

संपल्यावर त्याच रात्री सर्व स्टँड मोजून परत आणावेत, दुकानदारांचे आभार स्वतः जाऊन मानावेत, स्वयंसेवकांचे पैसे हातात द्यावेत, लोकेशनच्या नोंदी पुसाव्यात. क्लायंटचा अहवाल सोमवारी. आणि तालमीची तारीख अजून कॅलेंडरमध्ये टाकली नसेल तर पुढचे काहीही करण्याआधी ती टाकावी, खेळाच्या एक आठवडा आधीची, तोच वार, तोच तास.