बारावीनंतर गॅप घेताय? मग आधी फाईल उघडा

निकाल लागून पंधरा दिवस होत नाहीत तोच जिन्यात विचारणा सुरू होते, "मग, कुठे घेतली ॲडमिशन?" "ड्रॉप घेतलाय" म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू घरात कुणी आजारी आहे. मीही एक वर्ष थांबलो होतो, त्यामुळे तो चेहरा मला पाठ आहे. पण लोकांच्या बोलण्याने माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जून-जुलै नुसते लोळून काढल्याने.

१. का थांबताय, ते एका ओळीत लिहा

"नीट परीक्षा पुन्हा द्यायची आहे" चालेल. "इंजिनीअरिंग आवडेल का तेच कळत नाही" हेही चालेल. "बघू" चालणार नाही. परीक्षेसाठी थांबत असाल तर नियम बघा. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणजे बारावीच्या वर्षी दिली असेल तर आता शेवटची खेप. नीटला वयाची वरची अट नाही.

२. पावसाळ्यातच कागदपत्रं उरका

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात महागात पडणारंही हेच. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर: जे लागू असेल ते एका फाईलमध्ये लावा. पडताळणीला वेळ लागतो, ती शेवटी ठेवू नका. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. माझा दाखला असाच मार्चअखेर संपला आणि मला ते कळलं कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, फॉर्म भरताना. मग भर उन्हात सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहिलो, तेही एका दिवसात भागलं नाही.

प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्रही मागतात. मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतला नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. म्हणून नाशिकजवळ गोवर्धनला असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात "असू दे एक पदवी" म्हणून नाव घालण्याआधी विचार करा. एकदा तिथे प्रवेश घेतला की हे वाक्य खरं राहत नाही.

३. घराबाहेर बसायची जागा शोधा

घरी अभ्यास होतो, पण मध्ये गॅस सिलिंडर येतो, पाहुणे येतात, "जरा दळण आण" येतं. नाशिककरांचं नशीब बरं: सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, शिवाय गावभर अभ्यासिका आहेत. फी भरण्याआधी दुपारी तीनला एकदा जाऊन बसून बघा. पंखा, उजेड आणि शेजारच्याची कुजबुज, तिन्ही तेव्हाच कळतात.

४. तीन महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करा

पगार थोडा असेल तरी चालेल. मेडिकलचं दुकान, सीएचं ऑफिस, सातपूर-अंबडमधलं एखादं वर्कशॉप, जिथे ओळख निघेल तिथे. शेतीचं शिकायचं मनात असेल तर दिंडोरी-निफाडकडच्या मामा-काकांना फोन करा आणि ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत हजर व्हा. तिथून काढणीपर्यंत साधारण चार महिने. छाटणी, पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), मग विरळणी. बारीक कात्री घेऊन घडातले मणी कमी करताना पहिल्याच दिवशी मान आखडते. मध्येच अवकाळी पाऊस आला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या धाकाने फवारणीचा ट्रॅक्टर रात्रीसुद्धा निघतो. औषधाची बिलं, मजुरांची हजेरी आणि व्यापाऱ्याने केलेला भाव एका वहीत लिहीत जा. नंतर कृषीला जायचं की नाही, हे त्या वहीवरून बरंच कळेल. नीटवाल्यांनी मात्र ही पायरी सोडा; त्यांना एवढी फुरसत नसते.

५. एकच जादा गोष्ट शिका

टायपिंग, इंग्रजी बोलणं किंवा 'स्वयम' या सरकारी पोर्टलवरचा एखादा कोर्स. तिथे शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. चार क्लास एकदम लावणारे सहसा गणपतीपर्यंत टिकतात.

६. महिन्यातून एक दिवस मोकळा ठेवा

पावसाळ्यात अंजनेरी, थंडीत पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वर. पहाटे निघा, दुर्बीण कुणाकडून तरी मागून घ्या.

७. दिवाळीनंतर तारखांवर डोळा ठेवा

प्रवेश परीक्षांचे फॉर्म हिवाळ्यात निघायला लागतात. अधिकृत संकेतस्थळ दर सोमवारी स्वतः उघडा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर राहू नका. १ एप्रिल उजाडला की फाईल काढा आणि प्रत्येक दाखल्यावरची मुदत बोट ठेवून वाचा.