छर्रा हलका की जड? स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी

स्प्रिंगच्या 4.5 मिमी एअर रायफलला 0.50 ते 0.55 ग्रॅमचा, सपाट तोंडाचा छर्रा घ्या आणि तिथून चाचणी सुरू करा. वेगाच्या हौसेपायी पोरं फार हलका घेतात, आणि तिथंच घोळ होतो. पुरेसा दाब तयार व्हायच्या आधीच तो नळीतून सटकतो, पिस्टनला, म्हणजे स्प्रिंगच्या जोरानं हवा दाबणाऱ्या दट्ट्याला, हवेची उशी मिळत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर आपटतो. कोरडा ‘टण्’ आवाज आला की समजा, स्प्रिंग आणि सील मार खातंय. छर्रा न घालता बंदूक झाडणं तर याहून वाईट. फार जड छर्ऱ्यानं पिस्टन मागं उसळतो.

तीन जातींचे पाच-पाच छर्रे 10 मीटरवरून वेगळ्या कागदांवर मारा. बूड दबलेले आधीच बाजूला काढा. जात बदलली की या पाचांआधी दहा-पंधरा मारा, ते मोजू नका, नळी नव्या छर्ऱ्याला सरावायला तेवढे लागतात. रायफल आवळू नका, तळहातावर नुसती टेकवा. भोकं एकमेकांजवळ आहेत का तेवढंच बघा, मध्य साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवून आणता येतो.

मे महिन्यात मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडखाली हे सकाळी सातलाच उरका. घामेजल्या हातानं पकड बदलते. नंतर हात साबणानं धुवा, छर्रे शिशाचे असतात.