सायन्सच्या मुलांना नीतिविचार शिकवताना या चुका टाळा

सुरुवात अमेरिकेतल्या टस्कगी प्रयोगापासून करू नका. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना संशोधक उपचारांविना नुसतं पाहत राहिले, पेनिसिलिन आल्यावरही. वर्ग हळहळतो आणि कँटीनला जातो. त्या गोष्टीत मुलं स्वतः कुठेच नसतात.

ती असतात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. पुण्यात ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत साधारण ९.७८ आहे. साध्या लंबकाने, स्टॉपवॉच हातात धरून काढली तर ती थोडी इकडेतिकडे यायलाच हवी. पण बॅचची जर्नलं उघडा : सगळीकडे ९.८ नाहीतर थेट ९.८१. मुलं आधी उत्तर लिहितात, मग उलटं गणित करून रीडिंग ‘बसवतात’. याला जबाबदार आपण. उत्तर लांब गेलं की मार्क कापतो. मीही कित्येक वर्षं कापले. आता रीडिंग पेनानेच घ्यायला लावतो, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न : कुठलं रीडिंग वगळलंस आणि का? एकीने ९.५२ लिहून खाली नोंद केली होती, ‘दोरा सरकत होता, वेळ संपला.’ तिला पूर्ण मार्क दिले आणि का दिले ते बॅचला सांगितलं.

गोष्ट सांगायचीच तर शेवट आधी फोडू नका. डेक्कन कॉलेजच्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. युरोपीय कवटीची ठेवणच श्रेष्ठ बुद्धीची, असं गाइडचं गृहीतक. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार फरक दिसेना. इथे थांबा. विचारा : परदेश, डिग्री गाइडच्या हातात, तुम्ही काय लिहाल? मुलांना खरंच बोलू द्या, ‘गाइडचं ऐकेन’ म्हणणाऱ्यालाही. मगच सांगा की कर्वेंनी जे दिसलं तेच प्रबंधात लिहिलं.

वर्ग गप्प बसला तर? हात वर करायला सांगू नका. हुशार मुलगा बोलला की बाकीचे मान डोलावतात. आधी बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या.

आणि ‘सर, प्रत्येकाचं आपापलं मत असतं’ आलं की मान्य करून पुढे जाऊ नका. विचारा : याचा तोटा कोणाला, आणि त्याला कुणी विचारलं होतं का?